जवळा बाजारची कळशी

जवळा बाजारला निघालो आहे, असे मी म्हणालो मात्र, शेजारच्या काकूंचे डोळे लुकलुकले. आम्ही दादरला राहतो आणि काकू मूळच्या मालवणच्या. "येताना दोन वाटे आण बाबा. पण नीट बघून घे. रेती असली तर दाताखाली कचकचते," त्या म्हणाल्या. हा जवळा तो जवळा नव्हे, हे एका गावाचे नाव आहे आणि ते गाव समुद्रापासून इतके आत आहे की तिथल्या मांजरांनादेखील सुक्या मासळीचा वास ठाऊक नसेल, हे त्यांना पटवता पटवता माझी पुरेवाट झाली. "बाजार म्हणतोस आणि जवळा मिळत नाही म्हणतोस! मग विकतात तरी काय तिथं?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न. त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही.

मराठवाड्यात जवळा नावाची गावे पैशाला पासरी. नुसते 'जवळा' लिहून पत्र टाकले तर ते कोणत्या जवळ्याला जाईल याचा नेम नाही. म्हणून प्रत्येकाच्या मागे एकेक शेपूट लावलेले असते. कोणाला पांचाळ, तर आमच्या मामाच्या जवळ्याला बाजार. तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. मी लहानपणी मामाला पत्र लिहीत असे तेव्हा पत्त्यात जिल्हा परभणी लिहावे लागे. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तरी मामा स्वतः शेवटपर्यंत परभणीच लिहीत राहिला आणि त्याची पत्रे पोचतही राहिली. त्याचे म्हणणे असे की, जिल्हा बदलला तो सरकारचा. पोस्टमन तोच आहे.

मामाला जाऊन नऊ वर्षे झाली. मामी त्या घरात एकटी राहत होती. मामेभाऊ छत्रपती संभाजीनगरला नोकरीला. "आता चल," असे तो दर दिवाळीला म्हणे आणि "पुढच्या दिवाळीला बघू," म्हणून मामी त्याला वाटेला लावीत असे. यंदा गुडघ्यांनी तिचे ऐकेनासे केले आणि तिने मुलाचे ऐकले. घर विकले. फाल्गुनात मामेभावाचा फोन आला, "आई भांडी मोडीत घालायलीय. मामांची आठवण म्हणून तुला काही पाहिजे असलं तर ये. आणि त्या कागदांच्या ट्रंकेचं काय करायचं तेही सांग. मला त्यातलं काही कळत नाही. मी म्हटलं फोटो काढून ठेवतो आणि कागद रद्दीत देतो, तर आई बोलेचना."

त्या ट्रंकेसाठी मी निघालो, हे खरे.

मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस धरली की सकाळी परभणी. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' अशी एक म्हण तिकडे ऐकू येते. तिच्यात अभिमान किती आणि स्वतःचीच थट्टा किती, हे परभणीकरांनाही नक्की सांगता येत नाही. तिथून एस. टी. पूर्णा नदीचा पूल ओलांडला की पुढे झिरो फाटा. ज्याने हे नाव ठेवले तो गणिताचा मास्तर असावा. मग हट्टा, आणि मग आमचे जवळा बाजार. तीच एस. टी. पुढे औंढ्यावरून हिंगोलीला जाते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उभ्या. पण मधूनच एखादे खळे असे पिवळे दिसायचे की जणू कोणी उन्हाचीच रास ओतून ठेवली आहे. काढलेली हळद शिजवून वाळत घातली होती. शिजलेल्या हळदीचा वास खिडकीतून आत आला आणि माझे वय एकदम पन्नास वर्षांनी कमी झाले.

मामाचे घर माळवदाचे. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, वर मातीचे धाबे आणि त्यात हातभर लांबीरुंदीचा झरोका. घरात शिरताना डोळ्यांपुढे काळोख येतो आणि मग हळूहळू त्या झरोक्यातून पडणाऱ्या उजेडात एकेक वस्तू उमलते. मामाने या झरोक्यापायी दोन वेळा बदली टाळली होती, असे मामी सांगते. "असला उजेड दुसऱ्या गावात मिळणार नाही म्हणे. जसा काही उजेड ह्यांनीच जवळ्याला आणला होता!"

मामा शाळेत चित्रकलेचा शिक्षक होता. गावात त्याला 'ड्रॉइंग सर' म्हणत. ज्यांच्या घरात मुले शाळेत गेली आहेत त्यांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा सांगायला नकोत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. त्या दिवशी पोर काखेत पॅड, हातात रंगांची पेटी आणि पाण्यासाठी एक डबडे घेऊन निघते आणि संध्याकाळी सदऱ्यावर सगळे इंद्रधनुष्य घेऊन परतते. अलीकडे दहावीच्या गुणपत्रिकेत याचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांनाही कलेची गोडी लागली आहे. या शिक्षणाचे मूळ शोधायला गेलो तर ते इंग्लंडला निघते. मुंबईत १८५७ साली सर जमशेदजी जीजीभॉय कलाशाळा सुरू झाली, आणि साउथ केन्सिंग्टनच्या धाटणीचे शिक्षण पुढे आपल्याकडे रुळले: आधी घन, शंकू, दंडगोल, मग वस्तू, मग बाकीचे जग. महाराष्ट्रात १९६५ साली कला संचालनालय स्थापन झाले आणि या परीक्षा त्याच्याकडे आल्या. पण पद्धत साहेबाची असली तरी वस्तू कुठल्या आणणार? साहेबाचा फुलदाणीचा नमुना जवळा बाजारात कोण देणार? तेव्हा पाटावर तीन वस्तू मांडायच्या, त्या घरातल्याच. एक गोल, एक चौकोनी, एक फळ, मागे एक फडके. कळशी, पाटी, वांगे. कंदील, विटकर, लिंबू. तांब्या, सूप, कांदा.

आणि 'घरातल्याच' याचा अर्थ मामीच्या घरातल्या. शाळेने काही दिलेले नव्हते. पाण्याची कळशी सोमवारी शाळेत गेली की ती मुलांची चित्रे पुरी होईपर्यंत, म्हणजे गुरुवारपर्यंत, परत येत नसे. सूप शाळेत असल्यामुळे ज्वारी पाखडायची राहिली आणि त्या दिवशी भाकरीऐवजी खिचडी झाली, असेही प्रसंग घडत. या चित्रप्रकाराला पुस्तकात 'स्थिरचित्र' म्हणतात. फ्रेंच लोक तर त्याला 'मृत निसर्ग' अशा अर्थाचे नाव देऊन मोकळे झाले आहेत. मामाला ही दोन्ही नावे कबूल नव्हती. "वस्तू स्थिर असते कुठं? तुझ्या मामीनं पाच मिनिटं स्थिर राहू दिली तर ना!" असे तो म्हणे. मी वस्तू मांडून पेन्सिलीला टोक काढावे, तोवर कळशी उचलून मामी पाण्याला गेलेली असे.

मी तेरा वर्षांचा असताना, म्हणजे १९७७ च्या मे महिन्यात, माझी एलिमेंटरीची तयारी करून घ्यावी म्हणून मला इकडे धाडण्यात आले होते. मामाने पहिल्या दिवशी कळशी समोर ठेवली आणि मला आधी जमिनीवर बसवले, मग पाटावर, मग शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. "तोंड बघ. फक्त तोंड बघ." खाली बसले की कळशीचे गोल तोंड मिटत मिटत चपटे होते, डोळ्यांच्या रेषेत आले की नुसती एक आडवी रेघ उरते, शिडीवर चढलो की ते ताटासारखे उघडते. आणि कळशीचा तळ डोळ्यांपासून अधिक खाली असतो, म्हणून त्याचे लंबवर्तुळ तोंडापेक्षा नेहमी थोडे अधिक गोल. चित्रकलेतले हे पहिले सत्य आहे, आणि नवशिका ते कधीच मानीत नाही. त्याला ठाऊक असते की कळशी सपाट बसते. मग तो तळाला सरळ रेघ मारतो आणि कळशी चित्रातून पुढे घरंगळू लागते. दुसरी चूक लंबवर्तुळाच्या टोकांची. तिथे टोक नसते, वळण असते. मी मात्र टोके काढी. "हे कळशीचं तोंड आहे का माशाचं?" मामा विचारी आणि पेन्सिलीने माझ्या डोक्यावर टकटक करून म्हणे, "कच्चं आहे अजून."

हे 'कच्चं' कुठून आले ते मला त्याच सुटीत कळले. मामा मला औंढ्याला घेऊन गेला. नागनाथाचे ते हेमाडपंती देऊळ, बाहेर भिंतीभर कोरलेल्या मूर्ती आणि हत्ती. आत अरुंद पायऱ्यांनी भूमिगत गाभाऱ्यात उतरावे लागते. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने प्रत्येकाचे डोके थोपटून मडकी पारखली आणि नामदेव तेवढे कच्चे निघाले, ही कथा त्याने मला तिथल्या ओवरीत बसून सांगितली. मग नामदेव गुरू शोधत निघाले ते याच औंढ्याला, विसोबा खेचरांकडे. विसोबा पिंडीवर पाय टाकून झोपलेले. "पाय उचलून देव नसेल तिथं ठेव," असे त्यांनी सांगितले, आणि नामदेवांनी जिथे जिथे पाय ठेवले तिथे तिथे पिंड. कथा संपवून मामाने मला चित्र काढायला बसवले. मला वाटले, आता हत्ती काढायचे. त्याने बोट दाखवले ते फूलवालीच्या टोपलीकडे. हत्ती सगळेच काढतात, म्हणाला.

इतके सगळे होऊन मला एलिमेंटरीत 'क' श्रेणी मिळाली. त्यानंतर मी पेन्सिल हातात धरली ती जमाखर्च लिहिण्यासाठी.

ती ट्रंक मधल्या खोलीत होती. पत्र्याची, हिरवी, कडीला सुतळी बांधलेली. आत डांबरगोळ्यांच्या वासात कागदांचे गठ्ठे. थोडे चांगले चित्रकलेचे कागद. बाकी जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, लग्नपत्रिकांच्या पाठी, कॅलेंडरची पाने. मी मोजायला बसलो आणि तीनशेच्या पुढे मोजणे सोडून दिले. सगळीकडे घरातल्याच वस्तू. पाटा आणि वरवंटा. उतरंड. कंदिलाची काळी झालेली काच. काटवट. खुंटीला टांगलेली रवी. केरसुणी, आणि तिची झिजलेली बाजू इतकी निगुतीने काढलेली की झाडणारी व्यक्ती उजवी आहे हे कळावे. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख आणि वेळ. '१४-१०-६८, सकाळी ८.' एकही देखावा नाही. एकही माणूस नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी म्हण आपल्याकडे आहे. चित्रकारांना ती चांगली लागू पडते. निसर्ग काढायला ते काश्मीरला जातात. मामाने मात्र काखेतला कळसा सोडून काही काढलेच नाही. फक्त काख मामीची होती.

चित्रे तारखांप्रमाणे लावली तेव्हा मला एक निराळीच गंमत दिसली. हा तर घराचा इतिहासच होता! आधीच्या चित्रांत तांबे, पितळ, माती. सत्तरीच्या मध्यावर एक स्टीलचा डबा अवतरतो. मग वाट्या, मग पेले. मामाला स्टील आवडत नसे; पितळेला स्वतःचा रंग असतो, स्टीलला फक्त शेजाऱ्यांचे रंग असतात, असे म्हणे. आणि ते खरेच आहे. स्टीलचा पेला काढायचा म्हणजे त्यात दिसणारे वाकडेतिकडे जगच काढायचे. पुढे ऐंशीच्या सुमाराला प्लॅस्टिकची बादली येते, कंदील दिसेनासा होतो, विजेच्या दिव्याची वायर भिंतीवरून उतरते. गावात सुबत्ता केव्हा आली आणि कोणत्या दाराने आली, ते चित्रांवरून सांगता येईल.

कळशी मात्र पहिल्या गठ्ठ्यापासून शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत होती. पितळेची, गळ्याशी दोन कंगोरे. आणि एका चित्रापासून पुढे तिच्या पोटावर, डाव्या अंगाला, एक पोचा होता. मी मागे जाऊन पाहिले. '३-९-७२' ला पोचा नाही. '२१-१-७३' ला आहे.

"मामी, हा पोचा कधी पडला?"

मामी भाजी निवडत होती. तिने कागदाकडे पाहिलेही नाही. "दुष्काळात."

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात तारीख म्हणून वापरतात. माणसांची वये त्याच्या अलीकडे-पलीकडे मोजतात. मामी सांगू लागली. विहीर खोल खोल जात होती. दोराला दोर जोडून कळशी सोडायची. त्या दिवशी सोडली ती नेहमीसारखी बुडुक झालीच नाही. खडकावर आपटली. "इतका मोठा आवाज झाला की वरच्या सगळ्या बाया गप्प झाल्या. मला वाटलं, आता फुटली. पण पितळ ते, फुटतंय कशाचं. वर काढली तर पोचा, आणि आत नुसता गाळ."

त्या वर्षीची चित्रे मी पुन्हा काढून पाहिली. पाटावर दोनच वस्तू, किंवा तिसरी असलीच तर फळाच्या जागी दगड. साधा रस्त्याच्या खडीचा दगड. तेव्हा माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडीत, आणि मिळालेली सुकडी घरी आणीत. अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खात. मामा शाळेतल्या पोरांना लिंबू तरी कुठून दाखवणार? त्याने दगड मांडला. दुष्काळावर मी थोडेफार वाचलेले आहे; पण त्या पाटावरच्या दगडाने मला जे सांगितले ते कुठे वाचल्याचे स्मरत नाही.

"तांबटाकडून पोचा काढून नाही घेतला?"

"मी म्हटलं होतं की! तांबट दारावर येऊन बसला होता. ह्यांनी कळशीच लपवून ठेवली. म्हणे, हा पोचा काढायचा नाही, हा मला काढायचाय." मामीच्या तोंडावर पन्नास वर्षांपूर्वीचा राग अजून ताजा होता. "लोकांकडं पाण्याला जायचं, सणावाराला चार बायांत ती कळशी घेऊन उभं राहायचं, ते कुणाला? पोचा आतल्या अंगाला धरून कमरेवर घ्यायची मी. तशी बसायचीही छान, खरं सांगायचं तर. जागाच झाली होती कमरेला. पण घरी आणून ठेवली की मी पोचा भिंतीकडं करायची, आणि हे येऊन पुन्हा उजेडाकडं फिरवायचे. जन्मभर हेच."

युरोपातल्या चित्रांची पुस्तके चाळण्याचा मला नाद आहे. पॅरिसच्या शार्दाँ नावाच्या चित्रकाराने (१६९९–१७७९) स्वयंपाकघरातली तांब्याची पाण्याची टाकी काढली आहे. खाली तोटी, शेजारी बादली, झाले चित्र. ते लूव्हरमध्ये आहे आणि आपल्या बंबाचे कोणी थोरले भावंड वाटावे असे आहे. इटलीत बोलोन्याला जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) तीन बहिणींबरोबर एका घरात राहिला आणि त्याच त्या बाटल्या, बरण्या आणि डबे मांडून आयुष्यभर चित्रे काढीत राहिला. तोही १९१४ ते १९२९ पर्यंत प्राथमिक शाळांतला ड्रॉइंग मास्तरच होता, हे कळले तेव्हा मला मामाची आठवण आली होती. आपल्याकडे नागावात जन्मलेल्या प्रभाकर बरव्यांनी घड्याळासारख्या रोजच्या वस्तूंना चित्रात बसवून त्यांच्याकडे पुन्हा नव्याने पाहायला लावले. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० साली आले. मामाला या मंडळींच्या पंक्तीला बसवावे असे माझे म्हणणे नाही. त्याची कितीतरी चित्रे साफ फसलेली आहेत. सुपे तर त्याला कधीच साधली नाहीत. पण एक फरक मला ट्रंकेपाशी बसल्यावर जाणवला. मोरांदी आपल्या बाटल्यांवरची धूळ पुसू देत नसे. त्याला ती धूळच हवी असे. मामाच्या चित्रांत धूळ नाही. पितळेवर उजेडाचा जो एक ठिपका चमकतो, चित्रकार कागदाचा पांढरा भाग कोरा सोडून जो राखतो, तो ठिपका प्रत्येक कळशीवर आहे. तो आला कुठून?

"चिंचेनं घासायची, राखेनं उजळायची," मामी म्हणाली. "मग पितांबरी आली. उजेड काय झरोक्यातून सगळ्यांच्याच घरी पडतोय. मळक्या भांड्यावर पडून तो काय करणार?"

शार्दाँने टाकीच्या चित्रानंतर काही वर्षांनी, १७३८ साली, पिंपात वाकून भांडी घासणाऱ्या मोलकरणीचेही चित्र काढले. मामाने मामीचे चित्र कधीच काढले नाही. मी ट्रंक तळापर्यंत उपसून पाहिली. एका कळशीच्या पोटावर, पोच्याच्या जरा वर, मला एक उभा काळसर डाग दिसला. दारात कोणी पाठमोरे उभे राहिले तर भांड्यात जसे पडछाये दिसते, तसा. माझे मन एकदम भरून आले. मी तो कागद मामीपुढे धरला, "ही तूच ना, मामी?"

तिने चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. "नाही रे. दार आहे ते. पलीकडं त्याची कडी दिसायलीय बघ." खरेच, कडी दिसत होती.

रात्री मी मामेभावाला म्हणालो की, हे सगळे एखाद्या संग्रहालयाला द्यावे. पुण्याला दिनकर केळकरांनी आपल्या बालपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने जे संग्रहालय उभे केले त्यात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, झारे-पळ्या आहेत. तिथे ही कळशी काय वाईट दिसेल? मामी आतून ऐकत होती. "काचेच्या कपाटात ठेवायला घासली का मी?" एवढेच म्हणाली. विषय संपला. मोडवाला दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

मला झोप येईना. तसा उठलो, ट्रंकेतला एक कोरा कागद घेतला, मामाच्या डब्यातली फोर-बी पेन्सिल घेतली आणि विजेच्या दिव्याखाली कळशी मांडून बसलो. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनी! आधी मधली उभी रेघ. मग हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने मोजमाप. गळा पोटाच्या किती पट, ते. डोळे किलकिले केले की सावलीचे तुकडे सुटे होतात, हे आठवले. कडेची सावली अगदी काठापर्यंत काळी करायची नाही, काठाशी थोडा परतलेला उजेड ठेवायचा, तेव्हा भांडे गोल वळते, हेही बोटांना आठवले. मला नव्हे, बोटांना. पोच्यापाशी मात्र अडलो. तो काढायला गेले की खाच दिसे, वाटी दिसे, डाग दिसे. पोचा काही होईना. त्याच्या एका काठावर उजेड आणि दुसऱ्या काठावर सावली, एवढेच तर आहे. पण किती उजेड? दोन वाजेपर्यंत मी त्या एका जागेवर खोडरबर घाशीत बसलो. त्या पोच्यासाठी मामाने कळशी का लपवली असेल ते मला त्या दोन तासांत थोडेसे कळले.

सकाळी मामीने चहा देताना कागदाकडे पाहिले. "तोंड माशासारखं झालंय," म्हणाली.

मोडवाला आला. चाळिशीचा गडी, छोट्या टेम्पोतून, हातात इलेक्ट्रॉनिक काटा. अंगणात एकेक भांडे येऊ लागले. हंडा, घंगाळ, दोन पराती, चरवी, ओगराळे, समईची सुटी चकती. मामी दारात खुर्चीवर बसून आकडे ऐकत होती. भांडे काट्यावर चढायचे, तांबडे आकडे लुकलुकायचे, आणि भांडे गोणीत जायचे. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. पण ते काकूंना सांगता येण्यासारखे नव्हते. शेवटी कळशी आली. मोडवाल्याने ती उचलली आणि तो थांबला. फिरवून पोचा समोर आणला.

"काकू, ही सरांची कळशी ना? ही मी काढलेली आहे. एलिमेंटरीच्या सरावाला वर्षभर हीच होती. डोळे झाकून काढून दाखवीन. परीक्षेला मात्र बादली आली."

"श्रेणी कोणती मिळाली?" मला विचारल्यावाचून राहवले नाही.

"ब."

मी पुढे काही बोललो नाही.

त्याने कळशी काट्यावर ठेवली. मामी म्हणाली, "पोचा आहे तिला. भाव कमी करशील."

"नाही काकू, पोच्यानं वजनात काही कमी होत नसतं," तो हसून म्हणाला.

आकडे स्थिर व्हायला क्षणभर लागतो. ते स्थिर होण्याआधीच मामी उठली, गुडघ्यावर हात टेकत अंगणात आली, तिने कळशी काट्यावरून उचलली आणि काही न बोलता आत नेऊन ठेवली. मोडवाल्याने बाकीचा हिशेब केला. दहाच्या नोटा सुट्या नव्हत्या, त्या त्याने समोरच्या दुकानातून आणून दिल्या. आणि जाताना ट्रंकेकडे बघून म्हणाला, "यातला एखादा कागद मिळंल का?" मामीने त्याला निवडून घ्यायला सांगितले. त्याने बराच वेळ लावला. सुपाचे एक फसलेले चित्र घेतले.

दुपारी निघालो. ट्रंक माझ्याबरोबर मुंबईला यायची ठरली. परभणी स्टेशनापर्यंत मामेभाऊ गाडीने सोडणार होता आणि तसाच मामीला घेऊन पुढे जाणार होता. मामीने कुलूप लावले, किल्ली शेजारी दिली, आणि कळशी कोणाला धरू न देता स्वतःच गाडीत घेतली. पायाशी ठेवू का, असे मुलाने विचारले. नको म्हणाली. मांडीवर घेतली, एकदा फिरवली, पोचा पोटाशी आला तेव्हा तिचा हात थांबला. गाडी हट्ट्यापर्यंत आली तेव्हा ती झोपली होती.